कोडॅक गोल्ड २०० अन् जुनी सुपर टाकुमार लेन्स: आपल्या विदर्भाच्या उन्हात रंग कसे येतात

सरळच सांगतो. विदर्भाच्या खेड्यात, वावरात, आठवडी बाजारात फिल्मवर कलर फोटो काढायचे असतील तर पहिले पैसे कोडॅक गोल्ड २०० च्या रोलमध्ये घाला, लेन्सचं नंतर पाहू. मी हा रोल कापूस वेचणीपासून पळस फुलेपर्यंत सगळ्या मोसमात वापरलाय, संत्र्याच्या तोडणीत, भिवापूरकडं मिरची वाळत घालतात तिथं, गावातल्या लग्नात, अन् सोबत दोन लेन्स आलटून पालटून लावल्या, त्यामुळं हा रिव्ह्यू रोलचा पण आहे अन् लेन्सचा पण. पोरं विचारत राहतात, "भाऊ, हा कलर लेन्सचा आहे का फिल्मचा?" याचं उत्तर चालता चालता देता येत नाही, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो.

कॅमेरा पेंटॅक्स के१०००. १९७६ ते १९९७ एवढा काळ हा कॅमेरा बनत होता, सगळं काम मेकॅनिकल, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, त्यामुळं धुळीत अन् उन्हात बिनधास्त नेता येतो. एक लेन्स पेंटॅक्सचीच एसएमसी-एम ५० एमएम एफ/१.७, मल्टिकोटेड, म्हणजे काचेवर चमक रोखणाऱ्या कोटिंगचे अनेक थर. दुसरी तिच्याहून जुनी, सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४, आट्याची, फिरवून बसवायची, ती अडॅप्टर लावून के१००० वर चालते अन् दूरचा फोकस पण बरोबर लागतो. ही टाकुमार आमच्या तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्या काकाजींकडून घेतली, त्यांच्याकडं ती कपाटात कित्येक वर्षं तशीच पडून होती अन् काच चहासारखी पिवळी झालेली होती. त्या पिवळेपणावर पुढं येतोच, कारण खरी गंमत तिथंच आहे.

आधी रोल. गोल्ड २०० ही डेलाइट फिल्म आहे, म्हणजे दुपारच्या उन्हाचा जो उजेड असतो, साधारण ५५०० केल्विन, त्या हिशोबानं तिचे रंग बसवलेत. धुलाई सी-४१ ची, जी कुठलीही कलर लॅब करते. स्वभाव उबदार, पिवळ्या-सोनेरीकडं झुकणारा, अन् आपल्या इकडचं जे काही फोटोत येतं ते बहुतेक याच रंगांच्या घरातलं आहे. वाळलेली पराटी (कपाशीचं झाड), तुरीचा फुलोरा, हळद, मातीच्या भिंती, सोयाबीनची गंजी, उन्हानं रापलेले चेहरे. हे सगळं गोल्डवर असं येतं की पाहणाऱ्याला वाटावं, हो, हे आपलंच गाव.

मिरचीचं उदाहरण देतो, कारण रंगाची परीक्षा घ्यायला याच्याइतकं कठीण काही नाही. भिवापुरी मिरची पसरलेली असते, नजर जाईल तिथपर्यंत लालच लाल, वरून डोक्यावरचं ऊन. फोनवर हा फोटो काढा, लाल रंग इतका भडकतो की सगळ्या मिरच्या मिळून एकच लाल चादर होते, मिरचीवरची सुरकुती दिसत नाही, देठ दिसत नाही. गोल्डवर लाल जरासा विटकरी होतो, म्हणजे खऱ्यापेक्षा थोडा नारिंगीकडं सरकतो, हे कबूल केलं पाहिजे, पण एकेक मिरची वेगळी दिसते, तिच्यावरची चकाकी दिसते, कडेला जी जास्त वाळून काळपट झाली ती वेगळी कळते. अन् तिथं मिरच्या निवडत बसलेल्या मावशींच्या हाताचा रंग त्या लाल ढिगात बुडून जात नाही. मला तर हाच रंग जास्त खरा वाटतो. तोच ढीग एक्टार १०० वर पण काढला. एक्टार २००८ ला आली, बारीक दाण्याची, खूप गडद रंगांची फिल्म. मिरची एक्टारवर जबरदस्त आली, लाल म्हणजे लालच, आभाळ गडद निळं, पण मावशींचे हात अन् चेहरा पण लालसर झाले, ताप चढल्यावर दिसतो तसा. म्हणून माणूस नसेल, नुसती मिरची, संत्री, पळस असेल तर एक्टार, अन् माणूस असेल तर गोल्ड, माझं हे पक्कं मत आहे. पळसाचं तर विचारूच नका, फाल्गुनात झाडाला पान नसतं अन् नुसता केशरी जाळ, मागं निळं आभाळ, एक्टार जणू त्याच्यासाठीच बनवली. पोर्ट्रा ४०० चेहऱ्यांना गोल्डपेक्षाही नाजूक सांभाळते, यात वाद नाही, पण तिची किंमत पाहता रोज वावरात न्यायची फिल्म ती नाही.

आता कापसाचं. काळी माती, तिच्यावर पांढरी बोंडं, अन् त्यात वेचणाऱ्या बाया रंगीत लुगड्यात. इथं रंग बिघडतो तो लेन्समुळं नाही अन् फिल्ममुळंही नाही, एक्स्पोजरमुळं, म्हणजे फिल्मला किती उजेड मिळाला त्यामुळं बिघडतो. मीटरला समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी वाटते. काळी माती जास्त दिसली की त्याला वाटतं उजेड कमी आहे, तो जास्त एक्स्पोजर मागतो. अन् फुटलेल्या कापसाच्या अगदी जवळ गेलात की उलटं, पांढरं पाहून तो कमी एक्स्पोजर सांगतो, अन् मग माती चिखलासारखी हिरवट-तपकिरी येते, सावलीत दाणे उठतात, चेहरे मळकट. निगेटिव्ह फिल्मला कमी उजेड सोसत नाही, जास्त सोसतो. कोडॅकनं स्वतः गोल्डसाठी सांगितलंय की दोन स्टॉप कमी ते तीन स्टॉप जास्त एवढं चालतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), पण मी म्हणतो कमीच्या बाजूला जाऊच नका. काकाजींनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं होतं, "बाबू, निगेटिव्ह जाड पाहिजे. पातळ निगेटिव्हमधून कलर निघत नाही." जाड म्हणजे भरपूर उजेड मिळून गडद झालेली. लग्नाचे अल्बम करण्यात आयुष्य गेलं त्या माणसाचं, अन् सगळ्या रंगशास्त्राचा अर्क त्यांनी दोन वाक्यांत सांगितला. मी के१००० ची फिल्म स्पीडची चकती २०० ऐवजी १०० वर ठेवतो, म्हणजे प्रत्येक फोटोला एक स्टॉप जास्त उजेड आपोआप मिळतो. मीटर बंद पडलं तरी अडत नाही, भर उन्हात एफ/१६ अन् शटर १/१२५, डोळे मिटून.

आता लेन्सकडं येतो, कारण खरा गैरसमज तिथं आहे. पिवळी टाकुमार अन् साफ एसएमसी, दोन्ही लावून एकाच रोलवर, त्याच जागी, त्याच उजेडात, एकामागून एक फोटो काढले. विषय साधा, संत्र्याची क्रेट, मागं चुन्याची भिंत, बाजूला एक आजी. मला वाटलं होतं टाकुमारचे फोटो पिवळेजर्द येतील. स्कॅन आले तर फरक शोधावा लागला. भिंत एका फोटोत अगदी जराशी मलईकडं झुकलेली, बाकी संत्री तीच, चेहरा तोच. असं का होतं ते समजून घेतलं पाहिजे. लेन्सचा रंग म्हणजे डोळ्यावर घातलेला गॉगल आहे, तो सगळ्या फोटोवर सारखाच चढतो, माती असो, आभाळ असो का चेहरा असो, सगळ्यांचं निळं सारख्याच प्रमाणात कमी होतं. अन् जे सगळीकडं सारखं चढलंय ते स्कॅनरवर सारखंच उतरवता येतं, पांढरी भिंत पांढरी केली की बाकी सगळं आपोआप जागेवर येतं. फिल्मचं तसं नाही. फिल्मच्या आत निळ्या, हिरव्या अन् लाल उजेडाला ओळखणारे वेगवेगळे थर असतात, धुताना त्यांच्यात पिवळा, मॅजेंटा अन् सायन रंग तयार होतो, अन् कुठल्या उजेडाला कुठला थर किती प्रतिसाद देणार हे कंपनीनं कारखान्यातच ठरवलेलं असतं. म्हणून गोल्डचा लाल विटकरी होतो पण निळा तसाच राहतो, अन् एक्टारवर चेहरा लालावतो पण भिंत पांढरीच राहते. हे एका बटणानं उतरत नाही. निगेटिव्हवर रंग फिल्म ठरवते म्हणतात ते यामुळं.

स्लाइडवर, म्हणजे प्रोजेक्टरवर थेट दाखवायच्या फिल्मवर, गोष्ट वेगळी होती. कोडाक्रोमसारख्या फिल्ममध्ये मधात स्कॅनर नाही अन् प्रिंट नाही, जे धुऊन निघालं तेच प्रोजेक्टरवर, त्यामुळं लेन्सचा पिवळेपणा थेट पडद्यावर दिसायचा. त्या काळातले फोटोग्राफर आपल्या सगळ्या लेन्स एकाच रंगाच्या असाव्यात म्हणून धडपडायचे ते उगाच नाही, लेन्सचा रंग मोजायचं आयएसओ ६७२८ नावाचं स्टँडर्डच आहे. कोडाक्रोम २००९ ला बंद झाली, तिची धुलाई करणारी अमेरिकेतल्या कॅन्ससमधली शेवटची लॅब २०१० च्या शेवटी थांबली, पण त्या जमान्यातला सल्ला अजून फिरून राहिला अन् आपली पोरं तो गोल्डला लावतात. आज एक्टाक्रोम ई१०० ही स्लाइड फिल्म वापरत असाल तर लेन्सचा रंग जरूर पहा. गोल्डसाठी त्याच्यावर पैसा घालवू नका.

पण लेन्सचं काहीच नाही असं पण नाही, अन् इथं टाकुमारनं मला खरंच त्रास दिला. सूर्य पाठीशी असेल तर दोन लेन्समध्ये फरक नाही. सूर्य समोर आला, म्हणजे संध्याकाळी बैलबंडी धुऱ्यावरून येऊन राहिली, धूळ उडते, तुम्ही उन्हाच्या तोंडाला उभे, की टाकुमारचे रंग धुवून निघतात. काळी माती राखाडी, बैलाच्या झुलीचा लाल गुलाबी, सगळ्यावर दुधाळ पडदा. एसएमसीवर तीच बंडी, तीच धूळ, झूल लाल राहते. कारण कोटिंग. बिनकोटिंगच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के उजेड परत फेकतो. टाकुमारमध्ये ७ काचा ६ गटांत आहेत, म्हणजे हवा अन् काच भेटतात असे १२ पृष्ठभाग, कोटिंग नसतंच तर शंभरातला साठ-एकसष्टच उजेड सरळ फिल्मवर पोचला असता अन् उरलेल्यातला बराचसा लेन्सच्या पोटात आपटत फिरत शेवटी फिल्मवरच सांडला असता, नको तिथं. टाकुमारला कोटिंग आहे पण जुन्या पद्धतीचं, एसएमसीला अनेक थरांचं, पेंटॅक्सनं ते १९७१ ला आणलं. हा सांडलेला उजेड पिवळेपणासारखा सगळीकडं सारखा प्रमाणात बसत नाही, सावलीला जास्त मारतो, म्हणून तो स्कॅनरवर पूर्ण उतरत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवेतच इतकी धूळ असते की हे दुप्पट जाणवतं. उपाय स्वस्त आहे, लेन्स हूड लावा, नसेल तर डाव्या हाताची सावली समोरच्या काचेवर पाडा, फोटोत बोट येणार नाही एवढं पहा. अन् जुनी लेन्स घेताना टॉर्च मारून आत बुरशी किंवा धुकं आहे का ते पाहा, रंगाचा खरा शत्रू ते आहे, काचेचा पिवळा रंग नाही.

तो पिवळा रंग कुठून येतो ते पण सांगतो. या ७ काचांच्या टाकुमारच्या एका काचेत थोरियम घातलंय, उजेड जास्त वाकवणारी काच त्या काळी अशी बनवायचे. थोरियम किरणोत्सारी आहे, त्याच्यामुळं काच वर्षानुवर्षं आतून रंगत जाते. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढायला भ्यायचं कारण नाही, फक्त ती काच घासू नका, फोडू नका. अन् हा पिवळेपणा अल्ट्राव्हायोलेट किरणांनी उतरतो, म्हणजे ज्याची आपल्याकडं कमी नाही ते ऊन. मी हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हात खिडकीत ठेवली, खाली चकाकणारी फॉइल, काही आठवड्यांत चहाचा रंग जाऊन लिंबाच्या सरबतासारखा राहिला, पुढं तेवढाही राहिला नाही. एप्रिलच्या दुपारी हे अजिबात करू नका. आतलं ग्रीस पातळ होऊन उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्यांवर उतरतं, अन् उघडी लेन्स उन्हात म्हणजे भिंगच, पडद्याला किंवा गवताला आग लागू शकते. फॉइलवर पालथी ठेवा, जवळ कागद-कपडा ठेवू नका, अन् नजर ठेवा.

गोल्डमधली खोट पण सांगितली पाहिजे. हिरवा. श्रावणात सोयाबीन अन् पराटी ज्या हिरव्यात असते तो ओला हिरवा गोल्डवर येत नाही, पिवळसर होतो, भंडारा-गोंदियाकडचं धानाचं बांधावरचं हिरवं तर पिकायला आल्यासारखं दिसतं. जुन्या फुजी सुपेरिया फिल्मचा हिरवा ज्यानं पाहिला त्याला हे खुपणारच. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावला तर पानांवरची चमक कमी होऊन हिरवा बराच सुधारतो, पण दीड-दोन स्टॉप उजेड जातो. दुसरी खोट संध्याकाळची. आधीच उबदार फिल्म, त्यात मावळतीचं ऊन, चेहरे एकदम हळदी लावल्यासारखे होतात. लग्नात हळदीच्याच कार्यक्रमाला ही फिल्म लावलीत तर हळद कुठं संपते अन् माणूस कुठं सुरू होतो कळत नाही, तो कार्यक्रम सकाळी मांडवाच्या सावलीत काढा. उघड्या सावलीत आभाळाचा निळा उजेड पडत असतो अन् गोल्डची ऊब त्याला बरोबर कापते, माझे आवडते चेहरे सगळे तिथलेच आहेत. फक्त कडूलिंबाच्या अगदी खाली नको, पानांचा हिरवट उजेड गालावर येतो.

झाडीपट्टीच्या नाटकाला हा रोल नेऊ नका. रात्रभर चालणारं नाटक, स्टेजवर रंगीत एलईडी, कुठं पिवळे दिवे, २०० स्पीडला काहीच पुरत नाही, अन् डेलाइट फिल्मवर ते दिवे नारिंगी फासल्यासारखे येतात.

आता लॅब. माझ्या तालुक्याला एके काळी मिनीलॅब होती, आता नाही, रोल कुरिअरनं बाहेर पाठवावा लागतो. एका लॅबनं (नाव घेत नाही) मिरचीचा रोल असा स्कॅन करून पाठवला की सगळं गुलाबी, आभाळ पांढरंफटक, अन् वर सांगितलं की तुमची फिल्म खराब होती. निगेटिव्ह परत आल्यावर खिडकीशी धरून पाहिली तर जाड, छान, प्रत्येक मिरची वेगळी. दुसऱ्या ठिकाणी तीच निगेटिव्ह परत स्कॅन करून घेतली अन् वर ज्याचं कौतुक केलं तो फोटो निघाला. फ्रेमभर एकच रंग असला की स्कॅनरचं ऑटो करेक्शन फसतं, त्याला वाटतं लाल जास्त झाला, तो काढायला पाहिजे. निगेटिव्हचा तो नारिंगी पाया असतो, तो पण रंग सुधारण्यासाठीच मुद्दाम दिलेला आहे, फिल्मच्या सायन अन् मॅजेंटा रंगातला दोष तो भरून काढतो, पण तो वजा कसा करायचा हे स्कॅन करणाऱ्याच्या हातात राहतं. म्हणून पाकिटात चिठ्ठी टाका, ऑटो कलर बंद, कॉन्ट्रास्ट कमी, पूर्ण रोलला एकच सेटिंग. अन् निगेटिव्ह परत मागवाच, काही लॅब मागितल्याशिवाय पाठवत नाहीत. ज्या फोटोवरून लोक लेन्सला अन् फिल्मला शिव्या देतात त्यातले निम्मे स्कॅनचे बळी आहेत असं मला पक्कं वाटतं.

उष्णतेचं आपल्याकडं कुणी गंभीरपणे घेत नाही. न वापरलेली फिल्म २१ अंशांच्या खाली ठेवा असं कोडॅक सांगतं, अन् आपला मे महिना ४५ च्या वर जातो. गाडीच्या डिक्कीत राहिलेल्या रोलचे रंग सरकतात, तीन थर सारखे म्हातारे होत नाहीत ना, एक आधी थकतो, मग सावल्या एका रंगाकडं जातात अन् कुठल्याही स्कॅनरला ते सरळ करता येत नाही. रोल फ्रिजमध्ये, डबी बंद, वापरायच्या तास-दोन तास आधी बाहेर काढून डबी न उघडता ठेवायची, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. वावरात नेताना ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत रोल, एवढं पुरतं. अन् काढून झालेला रोल जास्त दिवस ठेवू नका, लवकर पाठवा, उन्हाळ्यात शनिवारी कुरिअर टाकू नका, रविवारभर तो कुठल्या तरी पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तापत पडतो.

भाव म्हणाल तर ३६ फोटोंचा एक रोल हजाराच्या वर जातो, वरून धुलाई-स्कॅन अन् कुरिअर वेगळं. घेताना खोक्यावरची एक्स्पायरी पहा, अन् दुकानदाराला विचारा की रोल फ्रिजमध्ये होता का काउंटरच्या काचेत. नागपूरच्या एका दुकानात काचेत, उन्हाच्या बाजूला लावलेले रोल मी स्वतः पाहिलेत, तसले फुकट दिले तरी घेऊ नका. घरी धुवायचं असेल तर सी-४१ च्या डेव्हलपरला (फोटो उमटवणाऱ्या रसायनाला) ३७.८ अंश लागतात, सव्वातीन मिनिटं. बाकी लोक पाणी गरम करायला हीटर घेतात. आपल्याकडं मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्यापेक्षा गरम येतं, माठातलं पाणी घालून खाली आणावं लागतं, थर्मामीटर मात्र चांगला घ्या, कारण डेव्हलपरचं तापमान एका अंशानं जरी हललं तरी पहिले रंगच हलतात.